मांजराची शुगर आणि केशरी टोपण



आम्ही भोर तालुक्यातल्या सारोळ्याहून बोलतोय. आमच्याकडून तुम्ही नेहमी बचत, परतफेड, बँकेचं कर्ज असलं ऐकता. आज मांजराबद्दल बोलायचंय म्हटल्यावर रेकॉर्डिंग करणारे दादाही हसले. तुम्हीही हसून घ्या. आमच्या गटालाही पहिल्या दिवशी हसूच आलं होतं. पण त्या मांजरापायी आमच्या हातून एक चूक झाली. ती चूक कुणाच्याही घरात होऊ शकते, माणसांच्या बाबतीतसुद्धा. म्हणून ती सांगायला आलोय.

आमच्या गटात एक काकू आहेत. नाव घेऊ नका म्हणाल्यात, म्हणून नुसतं काकू. काका जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा-सून पुण्याला. घरात काकू आणि त्यांचा बोका बंड्या. बंड्या मूळचा पुण्याचा. नणंदेच्या मुलानं फ्लॅटमध्ये पाळलेला, तिथंच त्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं. मग त्या मुलाची बदली झाली आणि बंड्या टोपलीत बसून सारोळ्याला आला. शहरातला असल्यामुळं उंदीर बघून हाच पळायचा. सकाळी दूध-भाकरी, दुपारी दूध-भात, आणि पुण्याहून पिशवी आली की ते कोरडं दाणेदार खाणं. खाऊन चुलीपाशी पसरायचा. साडेसहा किलोचा झाला होता. आम्ही त्याला पाटील म्हणायचो.

गेल्या दिवाळीनंतर काकू म्हणायला लागल्या, बंड्या पाणी फार पितोय. मांजर पाणी पिताना आपल्याला सहसा दिसत नाही, दिसलं तरी चार जिभा मारून जातं. हा गुरांच्या बादलीवर चढून प्यायचा. खायचा पूर्वीपेक्षा जास्त आणि तरी वाळत चाललेला. अंगावरची केसं विस्कटलेली, चाटणं बंद. कुणी म्हणालं जंत असतील, जंताचं औषध झालं. कुणी म्हणालं म्हातारा झाला. मग एक दिवस काकूंनी पाहिलं, तो मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालतोय. मांजर बोटांवर चालतं, हलकं. हा सशासारखा मागं बसून सरकत होता.

आणि मुंग्या. परसात राखेच्या ढिगात बंड्या लघवीला जायचा. त्या राखेवर काळ्या मुंग्यांची रांग लागलेली. काकूंच्या जाऊबाई शेजारीच राहतात, त्यांना स्वतःला बारा वर्षांची शुगर. त्या मुंग्या बघून त्या म्हणाल्या, "अगं, ह्याला माझंच झालंय." आम्ही सगळ्या हसलो. मधुमेह या शब्दातच ते सांगितलेलं आहे, मधु म्हणजे मध आणि मेह म्हणजे लघवी. शिकलेल्या आम्ही, पण ओळखलं जाऊबाईंनी.

आमच्या गावाला एक सोय आहे. नीरेवरचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो आणि शिरवळ येतं. तिथं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला जोडून जनावरांचा दवाखाना आहे. आपल्या गाई-म्हशी, शेळ्या तिथं जातात. मांजर घेऊन जायचं आमच्या डोक्यातही नव्हतं. भाजीच्या क्रेटवर दुसरा क्रेट उलटा बांधला, आत जुनं लुगडं घातलं, बंड्याला बसवलं आणि आम्ही दोघी काकूंबरोबर गेलो.

रक्त घेतलं. साखर चारशेच्या वर. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर शिक्का मारता येत नाही. मांजर घाबरलं की नुसत्या भीतीनंही त्याची साखर वर जाते, आणि दवाखान्यात येणारं मांजर घाबरलेलं असतंच. म्हणून लघवीही तपासली. तिच्यातही साखर निघाली. वजन भरलं साडेचार किलो. दोन किलो कुठं गेले? तर रक्तात साखर भरपूर, पण ती शरीराच्या कामी येत नाही, लघवीवाटे निघून जाते. जाताना पाणी ओढून नेते, म्हणून तहान. आणि शरीर आतून उपाशी राहतं, म्हणून भूक. पायाचं दुखणंही त्यातलंच, वाढलेल्या साखरेनं नसा कमजोर होतात. जाऊबाईंच्या तळपायाला मुंग्या येतात, तसंच म्हणा.

कशामुळं झालं, असं काकूंनी विचारलं. वय, लठ्ठपणा, बसून राहणं, हे तर आपल्यासारखंच. बोक्यांना मांजरींपेक्षा जास्त होतो, त्यातही नसबंदी झालेल्यांना. डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, याला कधी स्टेरॉइडची सुई दिली होती का? तर मागं अंगाला खाज सुटली तेव्हा दोन-तीन वेळा सुया झाल्या होत्या. कोणी दिल्या ते इथं सांगत नाही, आणि त्यात काय होतं याचा कागदही काकूंकडे नव्हता. स्टेरॉइडनं साखर वाढू शकते. तेव्हा जनावराला सुई दिली की औषधाचं नाव लिहून मागा. शेळीला दिली तरी मागा.

मग ते म्हणाले, इन्सुलिन द्यावं लागेल. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं, घरी. काकू गप्प. परत येताना पुलावर एवढंच म्हणाल्या, "बारा-बारा तासांनी म्हणजे मी कुठंच जायला नको."

त्या आठवड्याच्या बैठकीत काकूंनी अंतर्गत कर्ज मागितलं, तीन हजार. कर्जाचं कारण काय लिहायचं? मांजराचा औषधोपचार. लिहिणारीनं पेन खाली ठेवलं. एकीनं विचारलं, "शेळीला दिलं तर शेळी दूध देते, बोकड विकता येतो. मांजर काय देणार?" दुसरी म्हणाली, लग्नाच्या साड्यांना कर्ज दिलं तेव्हा साडीनं काय दिलं? बराच वेळ वाद चालला. काकूंनी बाजू मांडली नाही. शेवटी म्हणाल्या, "रात्री घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं दुसरं कोण आहे?" त्यानंतर कुणी बोललं नाही. ठराव झाला. आम्हाला अजूनही वाटतं की विरोधात बोललेली बाई चुकीची नव्हती, पैसा सगळ्यांचा आहे आणि विचारायलाच हवं. काकूंनी सगळे हप्ते वेळेवर फेडले, हे मात्र नोंदवून ठेवतो.

डॉक्टरांनी माणसांना देतात तेच ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन लिहून दिलं होतं. हायवेच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दिली. दुकानदारानं विचारलं, पेशंटचं नाव? काकू म्हणाल्या, बंड्या. वय? नऊ. दुकानदार हळहळला, "अरेरे, एवढ्या लहान वयात." काकू म्हणाल्या, "नाही हो, म्हातारा झालाय तो." त्याला समजावता समजावता आमची पुरेवाट झाली.

माणसाचं औषध जनावराला कसं चालतं, अशी शंका गटात निघाली. गोष्ट उलटी आहे. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात इन्सुलिनचा शोध लागला तो कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून. पुढं साठ वर्षं जगभरच्या माणसांनी गाई आणि डुकरांच्या शरीरातून काढलेलं इन्सुलिन टोचून घेतलं. प्रयोगशाळेत बनवलेलं माणसाचं इन्सुलिन बाजारात आलं ते १९८२ साली. म्हणजे जनावरांनी आपल्याला साठ वर्षं उसनं दिलं, आता थोडं परत जातंय.

खर्चाची एक युक्ती सांगतो. मांजराला इन्सुलिन अगदी थोडं लागतं. बंड्याला सुरुवातीला सकाळी एक युनिट आणि संध्याकाळी एक. १० मिलीच्या बाटलीत अशी १००० युनिटं असतात, आणि एकदा फोडली की २८ दिवसांनी टाकून द्या असं तिच्यावर लिहिलेलं असतं. म्हणजे जवळजवळ सगळी बाटली वाया. डॉक्टरांना विचारून आम्ही ३ मिलीचं छोटं काडतूस घेतलं, पेनमध्ये घालतात तसलं. त्यातून बारीक सिरिंजनं औषध ओढायचं. तुमच्या मांजराला किती युनिट, हे मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील. आमचा आकडा ऐकून देऊ नका.

सुई टोचायला काकूंना जाऊबाईंनी शिकवलं. आधी संत्र्यावर सराव. बंड्याला ताटली द्यायची, तो खाण्यात गुंतला की मानेखालची नाहीतर कुशीची सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, त्या तंबूत सुई घालायची, दाबायची, काढायची. रोज थोडी जागा बदलायची. सुई केसासारखी बारीक असते. पहिल्या दिवशी काकूंचा हात इतका थरथरला की औषध केसांतच गेलं, केसं ओली लागली. अशा वेळी काय करायचं? काही नाही. पुन्हा टोचायचं नाही. किती आत गेलं, किती बाहेर राहिलं आपल्याला कळत नाही. एक वेळ इन्सुलिन चुकलं तर मांजर मरत नाही, दुप्पट गेलं तर मरू शकतं. हे वाक्य काकूंनी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय. आठवडाभरात हात बसला. बंड्या आता वर बघतसुद्धा नाही.

आता ती चूक.

पौष महिना होता. तोवर डॉक्टरांनी बंड्याचं इन्सुलिन दोन युनिट केलेलं. एका संध्याकाळी सिरिंजा संपल्या. दुकान बंद. काकूंचा आम्हाला फोन आला. आम्ही म्हणालो, जाऊबाईंकडची घ्या, नवी पाकिटातली, सिरिंज ती सिरिंज. हे आम्ही म्हणालो. आम्ही, बीए झालेल्या, गटाच्या पन्नास बायांचे हिशेब बघणाऱ्या.

सिरिंज ती सिरिंज नसते, मैत्रिणींनो. आपल्याकडे इन्सुलिन दोन प्रकारच्या ताकदीत मिळतं. एकात एका मिलीमध्ये ४० युनिट असतात, दुसऱ्यात १००. दोन्हीच्या सिरिंजा वेगळ्या. ४० वाल्या सिरिंजेचं टोपण लाल असतं, १०० वालीचं केशरी. जाऊबाईंचं इन्सुलिन ४० वालं, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. बंड्याचं इन्सुलिन १०० वालं. लाल टोपणाच्या सिरिंजेत दोनच्या रेघेपर्यंत ते ओढलं, तर आत जातात पाच युनिट. अडीच पट. साडेचार किलोच्या जिवाला.

रात्री साडेअकराला काकूंना कोपऱ्यात खुडबुड ऐकू आली. दिवा लावला तर बंड्या भिंतीला धडका घेत होता. पाय लटलटत होते, डोळे भलतीकडेच. मग तो आडवा पडला आणि अंगाला झटके यायला लागले. काकूंनी ओरडून जाऊबाईंना उठवलं. जाऊबाईंनी एका नजरेत ओळखलं, त्यांना स्वतःला असं दोनदा झालेलं. त्यांनी मधाची बाटली आणली, बोट बुडवलं आणि बंड्याचा ओठ उचलून हिरडीला मध चोळला. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळला. तोंडात ओतला नाही. झटके येत असताना तोंडात काही ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं, आणि बोट दातांच्या मध्ये गेलं तर चावतो. हिरडीवर चोळलेलं तिथूनच शरीरात जायला लागतं. मध नसला तर साखरेचा पाक, गुळाचं दाट पाणी, ग्लुकोज पावडर, जे हाताशी असेल ते.

दहा मिनिटांनी झटके थांबले. बंड्यानं मान उचलली. त्याला खायला दिलं. आम्ही तोवर गाडीवरून पोचलो होतो. आम्हाला वाटलं संपलं. जाऊबाई म्हणाल्या, झोपायचं नाही, अंगात इन्सुलिन अजून आहे. आणि तसंच झालं, दीडच्या सुमाराला तो पुन्हा लटपटायला लागला. पुन्हा मध, पुन्हा खाणं. पहाटेपर्यंत आम्ही चौघी त्या चुलीपाशी बसून होतो. सकाळी उजाडल्या उजाडल्या शिरवळ. डॉक्टरांना आम्ही खरं ते सांगितलं. सकाळची सुई त्यांनी दिली नाही, आणि पुढं किती द्यायची ते नव्याने ठरवून दिलं.

त्या रात्री काकू आम्हाला एक शब्दही बोलल्या नाहीत. चहा दिला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर तुमच्या घरात सासूबाईंना, सासऱ्यांना, कुणाला इन्सुलिन चालू असेल तर आज घरी जाऊन दोन गोष्टी बघा. बाटलीवर ४० लिहिलंय की १००, आणि सिरिंजेच्या टोपणाचा रंग कोणता. जुळत नसेल तर मेडिकलवाल्याला आणि डॉक्टरांना विचारा. आणि साखर उतरल्याची खूण माणसात आणि मांजरात सारखीच: एकदम गळून जाणं, थरथर, लटपट, गोंधळल्यासारखं वागणं, पुढं झटके. साखर चढलेली असली तर दवाखान्यात जायला बहुतेक वेळा वेळ मिळतो. उतरली तर मिनिटांचा खेळ असतो. आपण चढलेल्या साखरेला घाबरतो आणि उतरलेलीकडे दुर्लक्ष करतो.

त्यानंतर आम्ही वही घातली. गटाची मासिक वही असते तशीच रेघा मारून. तारीख, वेळ, किती खाल्लं, किती युनिट, कोणी दिलं, सही. सही महत्त्वाची, कारण कधी काकू देतात, कधी जाऊबाई. वही नसती तर "मला वाटलं तू दिली नाहीस" म्हणून दोघींनी दिली असती. आधी खाणं, मग सुई, हा क्रम. अर्ध्याहून कमी खाल्लं किंवा उलटी केली तर सुई द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन.

वहीत पाणीही लिहितो. सकाळी मोजून पाणी ठेवायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं. बादल्यांवर झाकणं घातली, म्हणजे हिशेब चुकत नाही. पाणी कमी होत गेलं की समजायचं साखर ताळ्यावर येतेय. त्याला यंत्र लागत नाही. वजन दर रविवारी. अंगणवाडीचा काटा मागायला आम्ही गेलो होतो, ताईंनी जे ऐकवलं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही, आणि बरोबरच ऐकवलं. मग भाजी विकणाऱ्या वहिनींचा हुकाचा काटा घेतला. बाजाराच्या पिशवीत बंड्या, पिशवी हुकाला. डोकं बाहेर काढून तो सगळ्यांकडे बघत असतो.

शुगर मोजायचं माणसांचं यंत्रही चालतं. कानाच्या कडेला सुई टोचून एक थेंब काढायचा. कान आधी कोमट फडक्यानं शेकला की रक्त लवकर येतं. माणसांची यंत्रं मांजराची साखर थोडी कमी दाखवतात, म्हणून कोणतं यंत्र आहे ते डॉक्टरांना सांगायचं आणि नेहमी तेच वापरायचं. घरी मोजलेली साखर जास्त खरी असते, कारण घरात तो घाबरलेला नसतो. ६०च्या खाली आकडा आला की आधी गोड, मग फोन. पण आकडे बघून आपल्या मनानं इन्सुलिन वाढवायचं नाही, कमी करायचं नाही. आकडा डॉक्टरांना कळवायचा.

आता खाण्याचं. इथं खरी अडचण होती. मांजर वाघाच्या कुळातलं, त्याचं शरीर मांसावर चालायला बनलंय. भाकरी-भात त्याला लागत नाही, आणि शुगर झाल्यावर तर नकोच. दुधातही साखर असते. ते कोरडं दाणेदार खाणं, त्यातही पिठाचा भाग बराच. डॉक्टर म्हणाले, उकडलेली कोंबडी, अंडं, मासा, आणि जमलं तर डब्यातलं मांजरांचं ओलं खाणं. काकू माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडं यायचं नाही. त्या चार दिवस विचारात होत्या. एकदा म्हणाल्या, "त्याला वाघ केलं ते पांडुरंगानंच ना?" पण स्वतःच्या चुलीवर शिजवणं त्यांच्यानं होणार नव्हतं, आणि आम्हीही तो आग्रह धरला नाही.

आमच्या गटातल्या एकीचं हायवेला जेवणाचं हॉटेल आहे. ती रोज मसाला लावायच्या आधी थोडी कोंबडी बाजूला उकडून ठेवते. मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही. कांदा-लसूण मांजराला विषासारखं असतं, हे आम्हालाही नव्यानंच कळलं. हाडं काढलेली. डबा जाऊबाईंच्या पडवीत येतो, बंड्या तिथं जाऊन जेवतो. नुसत्या कोंबडीवरही मांजराचं पूर्ण पोषण होत नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं ओलं खाणं महिन्याच्या खर्चात धरलंय, रोज थोडं. खाणं बदललं ते एकदम नाही, पंधरा दिवसांत हळूहळू आणि डॉक्टरांना सांगून, कारण भात-दूध बंद झालं की साखर उतरते आणि तेवढंच इन्सुलिन जास्त ठरतं. आणि खात नाही म्हणून उपाशी ठेवायचं नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस न खाता राहिलं तर त्याचं लिव्हर बिघडतं.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथ्या, सगळं सुचवून झालं. एकीनं तर जाऊबाईंची गोळी अर्धी करून देऊ का विचारलं. देऊ नका. अमेरिकेत २०२२च्या डिसेंबरात मांजरांसाठी वेगळी गोळी मंजूर झालीय, पण ती सुद्धा आधी इन्सुलिनवर असलेल्या मांजरांना द्यायची नाही असं तिच्याबरोबर बजावलेलं आहे. गोळ्यांचं आपण ठरवायचं नाही.

फ्रिज काकूंकडे आहे, पण वीज जाते. इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. एकदा गोठलं की ते निकामी, वितळून दिसायला तसंच दिसलं तरी. उन्हाळ्यात लाईट बराच वेळ गेली की आम्ही जुनी पद्धत करतो: मोठ्या कुंडीत ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात झाकणाच्या डबीत इन्सुलिन, वरून ओलं फडकं, आणि कुंडी सावलीत. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्या घरातल्या माणसांच्या इन्सुलिनलाही हे उपयोगी पडतं. वापरलेल्या सुया घंटागाडीत टाकत नाही, कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात जातात. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवायच्या, झाकण घट्ट लावायचं, आणि भरली की दवाखान्यात द्यायची.

आणखी एक खूण सांगून ठेवतो. शुगरचं मांजर खाणं सोडून निपचित पडलं, उलट्या करायला लागलं, श्वास जोरात चालला किंवा तोंडाला वेगळाच, नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास आला, तर उद्या बघू म्हणायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना.

बंड्या आता साडेपाच किलो आहे. मागचे पाय उचलून चालतो, उडी मात्र अजून ओट्यापर्यंतच. राखेवर मुंग्या नसतात. इन्सुलिन पुन्हा एक युनिटावर आलंय. लवकर इलाज सुरू झाला आणि खाणं बदललं तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढं बंदही करता येतं, सगळ्यांचं नाही. बंड्याचं होईल का, डॉक्टर म्हणतात बघू. काकू दर खेपेला विचारतात.

राहिला तो बारा तासांचा काटा. काकूंची वारी आहे. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पायी जातात, पंधरा-वीस दिवस. यंदा त्यांनी जाहीर करून टाकलं की जाणार नाही. बैठकीत, कर्जाला विरोध केलेल्या त्याच बाईनं, वहीचं पान उघडून रेघा मारल्या आणि म्हणाली, "सकाळी सातची मी घेते. संध्याकाळचं तुम्ही वाटून घ्या." आठ जणी सुई शिकल्या. आम्हीही शिकलो, उशिरा का होईना. संत्री बरीच गेली. टोपणाचा रंग प्रत्येकीला आधी विचारला जायचा, मगच सुई हातात.

काकू गेल्या. जेजुरीपर्यंत रोज फोन, वाल्ह्यापासून एक दिवसाआड. लोणंदच्या मुक्कामावरून फोन आला तेव्हा आमची पाळी होती. मागं भजनाचा आवाज, काकू ओरडून बोलत होत्या.

"जेवला का?"

जेवला, म्हटलं.

"सुई?"

दिली, म्हटलं. सही पण केली.

"टोपण कुठलं होतं?"

केशरी, म्हटलं काकू. केशरी.

"बरं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.